निपाणीच्या गल्लीतला हिशेब

बेळगावच्या बसस्थानकात निपाणीची गाडी लागली की माझे लक्ष अजूनही आधी खिडकीकडे जाते. लहानपणी सुट्टीत मावशीकडे जायचे म्हणजे आम्हा भावंडांत खिडकीवरून भांडण ठरलेले. आता भांडायला कोणी सोबत नसते आणि पर्समधून पहिल्यांदा निघते ते आधार कार्ड. कंडक्टर कार्डाकडे पाहून शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून आमच्या घरातल्या पुरुषमंडळींना माझ्या निपाणीच्या फेऱ्या वाढल्यासारख्या वाटतात. वाढल्याच आहेत, नाही कशाला म्हणू?

पण परवाची फेरी नुसती भेटीची नव्हती. मावशीने निरोपच तसा धाडला होता. "तू पतसंस्थेत नोकरी केलीस न्हवं? मग ये आनि आमच्या गटाचा हिशेब बघून दे. बायका पैसं मोडाया निघाल्यात."

काकती मागे पडली, हत्तरगी गेली, संकेश्वर आले. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस उभा होता. मार्गशीर्षातला गुरुवार. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या कारखान्याकडे चाललेल्या, आणि आमची बस त्यांच्या मागून मुकाट रांगत होती. तवंदीचा घाट उतरताना खाली निपाणी दिसू लागते तसा पूर्वी वास यायचा. कोणाला खरे वाटणार नाही, पण मावशीच्या गावाची माझी पहिली आठवण डोळ्यांची नाही, नाकाची आहे. तंबाखूचा तो कडसर, शिंका आणणारा वास बसमध्ये शिरला की आई म्हणायची, "उठा, पिशव्या घ्या." आता वास येतो तो स्थानकाबाहेर पडून वखारींच्या बाजूला गेल्यावर. तिथे मात्र तो अजून आहे, भिंतींतच मुरलेला.

निपाणीचे पोट तंबाखूवर वाढले. वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातल्या काळ्या रानात विडीची तंबाखू चांगली पिकते, म्हणून इथे पेठ झाली, व्यापारी आले, वखारी उभ्या राहिल्या. विडीच्या तंबाखूवर संशोधन करायला धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे केंद्रही निपाणीत आहे. तंबाखूच्या पैशातून शाळा-कॉलेजेही निघाली. देवचंद कॉलेज हे त्यांतले मोठे. ते निपाणीचे म्हणून ओळखले जाते, पण उभे आहे अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. निपाणीची पोरे रोज चालत राज्य ओलांडतात आणि शिवाजी विद्यापीठाची पदवी घेऊन संध्याकाळच्या चहाला कर्नाटकात परत येतात. आपल्याला याचे काही वाटत नाही. बाहेरच्या पाहुण्याला सांगितले की तो दोनदा विचारतो.

मावशी वखारीत कामाला लागली तेव्हा तिच्या अंगावर परकर होता. तंबाखू कुटायची, चाळायची, काडी वेगळी काढायची. दार-खिडक्या बंद, कारण वाऱ्याने माल उडतो. नाका-तोंडाला पदर बांधलेला, तरी खकाणा आत जायचाच. घरी आल्यावर ती न्हाणीत बसून पाणी घ्यायची आणि ते पाणी पिवळे यायचे, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या बायकांना प्रा. सुभाष जोशी यांनी संघटित केले. वखारीतल्या बायका मालकासमोर मान वर करून बोलू लागल्या, हे त्या काळात मोठे नवल होते. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटातल्या मैत्रिणींनी १९८२ साली या बायकांवर चित्रपट काढला. पुढे तो जर्मनीत नीट दुरुस्त करून जपला गेला आणि परदेशात दाखवलाही जातो. मावशीला हे सांगितले तर म्हणाली, "आमी तिकडं पोचलो म्हनायचं! हितं तर कुनी ओळखत न्हाई."

आणि १९८१. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बेंगळूर रस्त्यावर येऊन बसले. मार्चच्या मध्यापासून महामार्ग अडला. रस्त्यावरच वस्ती झाली, तिला आंदोलननगर नाव पडले. मी तेव्हा शाळकरी होते. निपाणीच्या गाड्या बंद झाल्या म्हणून आई रोज रेडिओला कान लावून बसे. गावोगावच्या घरांतून भाकऱ्या बांधून तिकडे जात होत्या, मावशीच्या चुलीवरच्याही. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. पुढे कित्येक वर्षे मावशी त्या रस्त्याच्या कडेने जाताना बोलणे थांबवायची. आता सहापदरीच्या कामात तो रस्ता ओळखूच येत नाही.

असो. हिशेबाकडे येते.

मावशीची गल्ली म्हणजे चाळीसेक घरे. मराठे, मुसलमान, चांभार, महार, दोन घरे लिंगायतांची. भांडण मराठीत, देवाणघेवाण दोन्ही भाषांत. काळ्या रानातली तंबाखू जसजशी हटली तसतसे वखारीतले काम आटले. दूधगंगेवर काळम्मावाडीचे आणि वेदगंगेवर पाटगावचे धरण झाल्यावर पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, मग सोयाबीन. शेतकऱ्याने तंबाखू कमी केली यात त्याचे काय चुकले? पण वखारीतल्या बाईला कोणी विचारले नाही. तिने मग मांडीवर सूप घेतले आणि विड्या वळू लागली. गल्लीत आज निम्म्या घरांत तरी सूप आहे. पत्र्याचे माप ठेवून कात्रीने पान कापायचे, चिमूटभर जर्दा, वळायचे, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचे. पंचवीसचा कट्टा. हजारावर मजुरी. त्यात मुकादमाने छाट काढली की ती विडी मोजणीतून गेली, पण पान-तंबाखू तर त्याचीच असते, तो ती ठेवूनही घेतो.

ओसरीवर चटया अंथरल्या होत्या. गटाच्या बारा बायकांपैकी दहा आल्या. सकाळच्या लक्ष्मीच्या पूजेची आंब्याची डहाळी कोपऱ्यात होती आणि शेजारच्या आपा तिच्याच बाजूला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या घरचे विड्यांचे सूपही सोबत आले होते. बैठक असली म्हणून हात थांबवायचे नाहीत, असा इथला रिवाज. माझ्यापुढे तीन वह्या ठेवल्या. दोन गटाच्या. तिसरी मावशीची स्वतःची, शाळकरी चौकोनांची, तिच्यात तिने घरखर्च लिहिला होता.

मी बँकवाल्यांसारखी गटाची वही आधी उघडायला हवी होती. पण मन मावशीच्या वहीत गुंतले. लिहायला ती साठीनंतर साक्षरतेच्या वर्गात शिकली, त्यामुळे अक्षर मोठे आणि ऱ्हस्व-दीर्घ तिच्या मनासारखे. तेल. गॅस. डाळ. मीटर. नातवाची फी. गोळ्या. एकेका ओळीपुढे जुना भाव आणि नवा भाव शेजारी-शेजारी. गॅस या शब्दाला तर तिने चौकटच केली होती. तिचे काय चुकले? दिल्लीच्या दराने बघा. जून २०२० मध्ये घरगुती सिलिंडर ५९३ रुपयांना होता, मार्च २०२३ मध्ये ११०३ झाला. मग निवडणुका जवळ आल्या तसा दोन टप्प्यांत तीनशे रुपयांनी उतरला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पन्नासने चढला. तेलाचेही तसेच. सप्टेंबर २०२४ मध्ये आयातीवरचे शुल्क वाढवले, त्याच्या पुढच्याच आठवड्यात गल्लीतल्या दुकानातली पिशवी महाग झाली. पुढच्या मे महिन्यात कच्च्या तेलावरचे शुल्क कमी केले, तेव्हा मात्र पिशवीला उतरायची घाई दिसली नाही.

या सगळ्यासमोर मावशीची पेन्शन. विडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधी १९७७ साली लागू झाला, हे कामगार चळवळीचे मोठेच यश. पण त्यातली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये एक हजार ठरली, आणि मावशीच्या वहीत दर महिन्याला जमेला तोच आकडा, जरासा वर. तोही सहज मिळाला नाही. तिच्या कार्डावर एक नाव, आधारवर दुसरे, कारण कोणीतरी तिचे मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत नेले. एका कार्यालयात दीड वर्ष हेलपाटे घातले. शेवटी नात बरोबर गेली, तिने अर्ज टाईप करून दिला, तेव्हा मार्गी लागले.

जमेच्या बाजूला दुसरी ओळ गृहलक्ष्मीची. २०२३ पासून घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार. कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, कधी येतच नाहीत. रायबाग तालुक्यातल्या एका आजीने २०२४ साली हे पैसे साठवून अख्ख्या गावाला होळगीचे जेवण घातले, ते तुम्ही पेपरात वाचले असेल. मावशीच्या गटाने ते पैसे साठवले ते वेगळ्याच कारणाने. रेशन कार्डावर कर्ती बाई म्हणजे सासू. पैसे सासूच्या खात्यावर. सुना म्हणू लागल्या, घर आम्ही चालवतो आणि लक्ष्मी तुम्ही? गल्लीत सहा घरांत यावरून धुसफूस झाली. तेव्हा मावशीनेच तोड काढली की सासूने निम्मे पैसे गटात भरायचे, सुनेच्या नावाने. राजकारणात हिला कोणी का घेतले नाही कोण जाणे.

मावशीची धाकटी लेक कागलला दिली आहे. तिला तिकडची लाडकी बहीण, २०२४ पासून महिन्याला पंधराशे. ती आईकडे यायची तर महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत एसटीत अर्धे तिकीट, पुढे पूर्ण. आई तिच्याकडे निघाली तर हद्दीपर्यंतचा हिशेब वेगळा, पुढचा वेगळा. कोगनोळीच्या नाक्यापाशी एकाच घरातल्या दोन बायकांचे दोन दर होतात. मायलेकी फोनवर हेच बोलत असतात, कोणाचे आले, कोणाचे अडकले.

तर या साठलेल्या पैशांचे काय करायचे, हा प्रश्न होता. विडीचे काम पूर्वीसारखे उरलेले नाही हे बायकांना कोणी सांगायला नको. आठवड्याला सहा दिवस पान-तंबाखू मिळायची ती आता चार दिवसांवर आली आहे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा विडीवर २८ टक्के लागला, पानावर १८. त्याच वेळी विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्याने गोळा होणारा उपकर बंद झाला. २०२५ च्या सप्टेंबरात परिषदेने पानाचा कर ५ वर आणि विडीचा १८ वर आणायचे ठरवले. मी हे वाचून दाखवले तर एक वहिनी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "कर उतरला म्हनून मजुरी चढली काय हो ताई?" त्यावर मी काय बोलणार! आणि खरे सांगायचे तर विडी वाढावी असे तरी कोणत्या तोंडाने म्हणायचे? या ओसरीवरच्या दोघींचे नवरे छातीच्या दुखण्याने गेले आहेत. विडी घातक आहे हे सर्वांत जास्त तिच्या वळणारीला ठाऊक असते.

पापड, शेवया, शिलाई अशी नेहमीची नावे निघाली. कोणीतरी लिज्जतचे नाव घेतले. प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत ते निघतेच, १९५९ साली सात बायका आणि ऐंशी रुपये उसने. मी दुसरी गोष्ट सांगितली, केरळातल्या कण्णूरची. तिथे विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा अमलात आणायची वेळ आली तसे मालकांनी कारखानेच बंद केले, हजारो माणसे रस्त्यावर आली. तेव्हा १९६९ साली सरकारच्या मदतीने कामगारांनी आपली सहकारी संस्था काढली, दिनेश विडी. ती वाढली, आणि विडी ओसरणार हे दिसताच त्यांनी मसाले, लोणची, नारळाचे दूध, छत्र्या, कपडे असे एकेक सुरू केले. बायका लक्ष देऊन ऐकत होत्या. छत्रीवर मात्र हसल्या. "केरळात पाऊस हाय बाई. हितं छत्री कोन घेतंय?"

मग चटणी निघाली, आणि ती कोणी मांडली तर गल्लीतल्या लिंगायतांच्या अक्कांनी. संकेश्वरी मिरची इथून हाकेच्या अंतरावर. ब्याडगी हुबळीकडून येते. कांदा-लसूण चटणी प्रत्येक घरात वर्षाची करतातच, उन्हाळ्यात डंकावर रांग लागते. पुण्या-मुंबईला गेलेली लेकरे दरवर्षी डबे भरून नेतात. मग तीच चटणी विकली तर? गटाने स्वतःचा लहान डंक घ्यावा. ओसरीवर एकदम गलका झाला. भाजणी कोणाच्या हातची, तीळ किती, खोबरे घालायचे की नाही. खोबऱ्यावरून दोन तट पडले. मला वाटले झाले, ठरलेच आता.

मावशी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "चाळीस वर्सं मी तंबाकूचा खकाना खाल्लो. आता मिरचीचा खाऊ व्हय?"

कोणी बोलेना. तिच्या बाजूच्या आजीला तर बोलता बोलता खोकल्याची उबळ यायची. डंकाजवळ बसायचे कोणी? ज्यांना काम हवे आहे त्या साठीच्या, आणि त्यांच्याच छात्या पोखरलेल्या. तरण्या सुनांना वेळ नाही, त्या कागलच्या पंचतारांकित वसाहतीत कंपनीच्या गाडीने जातात आणि रात्री येतात. हा प्रश्न माझ्या कोणत्याही ताळेबंदात बसत नव्हता.

नात तेवढ्यात कामावरून आली. देवचंदची बी. कॉम. तिने पाय धुतले, चहाचा कप घेतला आणि उंबऱ्यातच बसून वही मागितली. मिरची, लसूण, तेल, वीज, पिशवी, लेबल, अन्नसुरक्षेची नोंदणी, दुकानदाराचा वाटा आणि तो उधारीवर मागेल ते. दहा मिनिटांत तिने कागद भरला. केंद्राच्या एका योजनेचीही तिला माहिती होती. २०२० साली सुरू झालेली, अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या प्रत्येक बाईला चाळीस हजारांपर्यंत बीज भांडवल. "पण आत्या, त्यात गट आधीपासून धंदा करत असायला पाहिजे. मग भांडवल." बायका हसल्या. लग्नाआधी पोर दाखव म्हटल्यासारखे झाले, असे कोणीतरी म्हणाले, आणि आपांनी तोंडावर पदर घेतला.

नातीचे मत स्पष्ट होते. सगळी ठेव मोडू नये. डंक घेऊ नये. आणि तिच्या आईच्या नावाची रक्कम तिला हवी होती, दुचाकीच्या पहिल्या हप्त्यासाठी. कंपनीची गाडी चुकली की दिवस बुडतो, हे तिचे म्हणणे. मावशीचा चेहरा उतरला. तिला गटाचे काहीतरी गल्लीतच उभे राहावे असे वाटत होते. नातीला गल्लीतून वेळेवर बाहेर पडायचे होते. दोघींचेही खरेच होते, आणि मला बोलावले होते ते यातून वाट काढायला.

मी काही मोठे शहाणपण सांगितले नाही. एवढेच म्हणाले की ठेवीचा चौथा हिस्सा काढा, बाकीला हात लावू नका. मिरची कुटायला दुसऱ्याच्या डंकावर द्या, मजुरी जाईल पण खकाणा घरात येणार नाही. घरी निवडणे, भाजणे, लसूण सोलणे, भरणे. पहिल्या वर्षी तीस किलोच्या वर जाऊ नका. नातीच्या आईची रक्कम तिची तिला द्या, मात्र चटणीचे डबे पहिल्या वर्षी कंपनीतल्या बायकांना पोचवायचे काम त्या दुचाकीचे. नात माझ्याकडे बघून हसली. "आत्या, तुम्ही वसुली खात्यात होता काय?" होते, सतरा वर्षे.

ठराव लिहिला. ठरावाचा मजकूर मराठीत, बँकेचा अर्ज कन्नडमध्ये. अक्कांनी तो वाचून दाखवला, नातीने भरला, मावशीने आपल्या मोठ्या अक्षरात मराठी सही केली. एक बाई उठून गेली. तिला सगळे पैसे परत हवे होते, तिच्या घरी मुलाचे ऑपरेशन आहे. तिची रक्कम वेगळी काढून ठेवली. तेव्हा चौथा हिस्सा म्हटला होता तो चौथाही राहिला नाही, आणि तीस किलोचे वीस झाले.

रात्र मावशीकडेच काढली. जेवताना भाकणुकीचा विषय निघाला. आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेत दरवर्षी भाकणूक होते, पाऊसपाणी, पिके, महागाई, राज्यकारभार सगळे सांगितले जाते आणि पेपरातही छापून येते. मावशी न चुकता जाते. मी चेष्टेने विचारले, यंदा मिरचीचे काय सांगितले? "मिरचीचं इचारलं न्हाई," ती म्हणाली, "महागाई वाढंल म्हनलंय. ते आमालाबी म्हाईत हुतं."

पहाटे मला जाग आली तर दिवा लागलेला. मावशी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप. शंभर-दोनशे तरी वळून ठेवते, म्हणाली, मुकादम आठला येतो. मी म्हटले, अगं आता कशाला, चटणी ठरली ना?

"मिरची फाल्गुनात निगंल," ती म्हणाली. "तवर काय खायाचं?"

मी शेजारी बसले. तिने न विचारता माझ्यापुढे पत्र्याचे माप आणि कात्री सरकवली. मला पान नीट कापता आले नाही. दोन पाने वाया गेली तेव्हा तिने कात्री परत घेतली, छाट नको म्हणाली, आणि मला चहा ठेवायला चुलीकडे पाठवले. साडेआठच्या गाडीने मी बेळगावला परत निघाले. पिशवीत तिने गेल्या वर्षीच्या चटणीचा डबा घातला होता. वर चिठ्ठी होती, किलोचा भाव किती ठेवावा ते बेळगावात चार जणींना विचारून कळव.